हरणांसाठी कोपरा

तिसऱ्या यंत्रापाशी सिबिलबाई थांबल्या आणि हातातली पर्स त्यांनी न बघता मुलाकडे दिली.

परदेशातल्या मिल्टन गावच्या त्या शेती-अवजारांच्या दुकानात ऑगस्टचे ऊन उंच खिडक्यांमधून उतरत होते. बियाण्याची भुकटी त्या उन्हात तरंगत होती, आणि तिच्यामागची यंत्रे डोळे मिटून रवंथ करणाऱ्या जनावरांसारखी दिसत होती. पहिले ट्रॅक्टरमागे ओढायचे, लोखंडी पाभरीसारखे. दुसरे दोन चाकांचे, हाताने ढकलायचे. तिसरे म्हणजे निव्वळ एक कापडी पिशवी: गळ्यात अडकवायला पट्टा, तळाशी फिरती तबकडी, आणि उजव्या बाजूला दांडा. दांडा फिरवला की बी दोन्ही अंगांना उडे.

"आई, ते खेळणं आहे," निसिम म्हणाला. "ट्रॅक्टरवालं रेंट करू. शेजारचा माणूस अर्धा एकर वीस मिनिटांत करून देईल. चल, सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत घरी पोचायचंय."

"शब्बाथचं मला सांगू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून येतोय तो."

काचेपलीकडे, गाडीत, सिबिलबाईंचे यजमान रहमीम बसले होते. मार्चमध्ये त्यांचे उजवे अंग लुळे पडले. हात गेला तो गेलाच. पाय मात्र परत आला आहे, असे डॉक्टर सांगत होते. रहमीमना ते पटत नव्हते. खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत, एवढेच त्यांचे जग उरले होते. घरामागे हरणांसाठी चारा पेरायचा बेत मुळात त्यांचा. आता त्याचे नावही ते काढत नसत.

सिबिलबाईंनी दांडा फिरवून पाहिला. तबकडी मंद घरघरली. नागपाड्याच्या खोलीतले शिवणाचे हातमशीन असेच घरघरत असे.

"आवडलं?" दुकानदार जवळ आला. पांढऱ्या भुवयांचा, सावकाश बोलणारा म्हातारा होता तो. "काय पेरणार?"

"क्लोव्हरचा चारा."

"आणि कापणार कधी?"

"कापायचं नाही. आमच्याकडे कोकणात शेताचा एक कोपरा न कापता ठेवतात. येईल त्याच्यासाठी." त्या क्षणभर थांबल्या. "शेत राहिलं नाही. कोपरा राहिला."

दुकानदाराने पेरायची रीत सांगितली. पाऊल एकसारखे पडले पाहिजे, हात एकसारखा फिरला पाहिजे. माणूस थांबला की दांडाही तिथल्या तिथे थांबवायचा, नाहीतर बी एकाच जागी पडून राहते आणि सगळे शेत ठिगळाठिगळांचे उगवते.

"ऐकलंस?" निसिमने आवाज खाली आणला. "पप्पांना नाही जमायचं. दांडा उजव्या हाताचा आहे, आई."

"दांडा मी फिरवीन. चालतील ते."

"ते चालत नाहीत!"

"म्हणून तर ट्रॅक्टर नको."

त्यांनी पिशवी उचलली आणि दुकानदाराकडे वळल्या. "पट्टा केवढा ठेवायचा?"

"ज्याच्या गळ्यात घालायचा, त्याला उभा करून मापायचा. बसलेल्या माणसाचं माप चुकतं."

सिबिलबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसात प्रथमच समाधान दिसले. पिशवी काखेत मारून त्या तडक गाडीपाशी गेल्या आणि त्यांनी दार सताड उघडले.

"अहो, उतरा. माप घ्यायचंय."

"कसलं माप?"

"पट्ट्याचं. दुकानदार म्हणतो, उभ्या माणसाचंच घेतात."

"निसिमचं घे."

"निसिमला हरणं नकोयत. त्याला वीस मिनिटं हवीयत."

रहमीमनी पिशवीकडे पाहिले. डाव्या हाताने तिचे कापड चाचपले. रस्त्यापलीकडच्या शेतावर ऊन नुसते थरथरत राहिले. मग गाडीच्या दारातून एक बूट बाहेर आला, आणि त्याच्यामागून, झोपेत चालल्यासारखा, दुसरा.

रविवारी सकाळी धुके होते. नांगरून ठेवलेल्या कोपऱ्यात दोघे उतरले. पिशवी रहमीमच्या छातीवर, काठी त्यांच्या डाव्या हातात, दांडा उजवीकडून चालणाऱ्या सिबिलबाईंच्या हातात. सात-आठ पावले झाली की रहमीम थांबत आणि धापा टाकत. दुकानदाराचे शब्द सिबिलबाईंना अक्षर न् अक्षर आठवत होते. तरी त्यांचा हात थांबला नाही. तबकडीची घरघर थांबली असती, तर खुर्चीत परतायला तेवढी सबब रहमीमना पुरली असती.

"बी वाया जातंय," ते म्हणाले.

"मग चला."

ते चालले.

ऑक्टोबरात क्लोव्हर वर आला. दुकानदार म्हणाला होता तसाच: विरळ, विरळ, मग एकदम दाट हिरवे ठिगळ, पुन्हा विरळ. एका पहाटे सिबिलबाई चहा घेऊन आल्या, तर खुर्ची रिकामी होती. रहमीम खिडकीशी उभे होते. काठी खुर्चीलाच टेकलेली होती.

बाहेर धुक्यातून एक हरिणी आली होती. एका ठिगळापाशी ती थांबली, सावकाश चरली, सात-आठ पावले चालली, पुन्हा थांबली.

"लंगडतेय का ग ती?" रहमीमनी विचारले.

"नाही," सिबिलबाई म्हणाल्या. "तुम्ही जिथे जिथे दम घेतलात, तिथे तिथे खातेय."