चौकातलं स्मारक

सातासमुद्रापलीकडच्या देशातला गोऱ्या-काळ्यांचा भेद संपावा, म्हणून बाबा तरुणपणी याच चौकात अकरा दिवस उपाशी बसले होते. त्या उपोषणाच्या इथल्या स्मारकावर त्यांचंही नाव कोरलंय. म्हणून तर लेकीने लग्नाचा विषय काढायला मुद्दाम हीच जागा निवडली.

"त्याला तिकडे लांब का उभं केलंयस गं? बोलाव की. उपाशी नाही बसवणार मी त्याला!" बाबा हसले. "आपल्यातलाच आहे ना?"

"नाही, बाबा."

त्यांचं हसू मावळलं. काठी टेकत ते उठले.

"घरी चल."

"बाबा, सातासमुद्रापलीकडच्या त्या लोकांसाठी तर तुम्ही जीव पणाला लावला होतात!"

"लावला होता," बाबा हळूच म्हणाले. "पण त्यांच्यातलं कुणी आपल्या घरी थोडंच येणार होतं?"