दोन्ही खांदे

या, असे जवळ सरका. दारात उभं राहून कुठे गोष्ट ऐकतात? एका वस्तादांची सांगतो. कान तेवढे इकडे द्या, मन मागोमाग येईल.

वस्ताद आठवडाभर अंथरुणात होते. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेली, अर्धं अंग लुळं पडलं. जीव होता, झोप मात्र नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "शांत झोप लागली तर तरतील. झोपेची गोळी त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. झोप आपणहून लागली पाहिजे."

बाजाराखालच्या तळघरात त्यांनी उभा जन्म शहरातल्या पोरांना कुस्ती शिकवली. मॅट स्वतः पुसली. कुणाचा बाप शाळेत फिरकला नाही, तर पालक म्हणून हे हजर. एकदा मुख्याध्यापिकेनं विचारलंच, "तुम्हाला मुलं तरी किती हो?"

"अजून येतायत," वस्ताद म्हणाले.

आता तीच पोरं, पोटं सुटलेली, केस पिकलेले, आळीपाळीनं उशाशी बसत होती. टेम्पोवाला त्यांत थोरला. पहिल्याच दिवशी वस्तादांना उताणं पडलेलं पाहून तो पुढे धावला.

"वस्ताद, दोन्ही खांदे टेकले की कुस्ती गेली. तुम्हीच शिकवलंत ना?"

त्यानं त्यांना कुशीवर वळवलं आणि खांद्यामागे हात लावून बसला. तेव्हापासून तो खांदा कुणी ना कुणी धरूनच होतं. देवाची मूर्ती धरावी तसा.

"हळू रे. हात आहे का जॅक?" त्यांतलाच एक, शिंपी, म्हणायचा.

"तू बोलू नकोस. तू कुस्तीआधीच, वजनकाट्यावर हरायचास."

वस्तादांची बायको चहा करायची. कप विसळायचे, पुन्हा आधण ठेवायचं. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही. खोलीत डोकावली की सगळे एकदम उठायचे.

"काकू, तुम्ही पडा जरा. आम्ही आहोत ना."

ती मागे फिरायची.

पोरांनी खिडकीला चादर लावली. तळपायांना तेल चोळलं. शिंप्यानं हलक्या आवाजात भजन म्हटलं. वस्ताद टक्क उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत राहिले. डोळे खोल गेले होते.

"बघ, हार मानायला तयार नाहीत," टेम्पोवाला म्हणाला. त्याला हुंदका आवरेना.

त्या दुपारी बसल्या बसल्या त्याचाच डोळा लागला. हात सुटला. वस्ताद हळूच कलंडले आणि उताणे झाले. काकू चहा घेऊन दारात होत्या. त्यांनी पाहिलं आणि तिथंच थांबल्या.

थोड्या वेळानं खोलीत घोरणं सुरू झालं.

शिंपी बाहेरून धावत आला. "अरे ऊठ! खांदे टेकले वस्तादांचे!"

दोघांनी एकदम हात घातले.

"हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता. पण काकूंचा होता, म्हणून दोघेही जागीच थांबले.

"अहो पण काकू..."

"डॉक्टरांनी कुशीवर धरायला सांगितलंय, म्हणून मी गप्प होते."

टेम्पोवाल्यानं शिंप्याकडे पाहिलं. "डॉक्टर काही नाही बोलले, काकू. आमचं आम्हीच..."

तिनं ट्रे खाली ठेवला. नवऱ्याची उशी सारखी केली, छातीवर पांघरूण ओढलं. घोरणं तसंच चालू होतं.

"उद्या लोकांत यांची आठवण काढाल, तेव्हा एवढंही लक्षात ठेवा," ती म्हणाली. "घरी आले की आधी धाडकन पाठ टाकायचे. सगळा जन्म असेच झोपले. म्हणायचे, तिथं पोरांसमोर खांदे टेकता येत नाहीत गं. इथं तरी हरू दे मला."