आळीतला पहिला रंगीत टीव्ही

फिती पुसल्या गेलेली ती जुनी मालिका आता प्रेक्षकांच्या आठवणी वाचून यंत्र पुन्हा उभी करत होतं. शेवटचा भाग एकट्या शैलजा बिवलकरांच्या आठवणीत शाबूत होता. पडदा उजळला आणि तंत्रज्ञ गोंधळला.

"मालिका तर ब्लॅक अँड व्हाइट होती. हे रंग कुठून आले?"

"माझ्या वडिलांना, आप्पांना, दिसत नाही," शैलजाताई म्हणाल्या. "मी शेजारी बसून त्यांना सगळं सांगायचे. ते नायिकेच्या साडीचा रंग विचारायचे. मी मनानेच कधी अबोली सांगायचे, कधी मोरपंखी. नको असतील तर काढून टाका."

शेजारच्या खुर्चीतले नव्वदीचे आप्पा ताठ बसले.

"काही काढायचं नाही. अख्ख्या आळीत पहिला रंगीत टीव्ही आमच्याच घरी होता."