अलोइसचा जबाब

“वाच की रे, कोर्टाचंच वाच,” द्राहोमीरा आजी म्हणाली. ब्याण्णव वर्षांची ही बाई ब्रनो या चेक शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात ताठ बसली होती. समोर पात्रिक, कम्युनिस्ट राजवटीत तिच्या नवऱ्यावर चाललेल्या खटल्यावर कादंबरी लिहिणारा तरणा लेखक. आजीनं केलेले खसखशीचे कोलाचे, गोड पाव, त्याच्यापुढे तसेच पडून होते.

पात्रिकनं वाचलं. कादंबरीतला अलोइस पिंजऱ्यात उभा राहतो, पाठ करून घेतलेला कबुलीजबाब सोडून देतो आणि न्यायाधीशाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणतो, “मी देशद्रोही नाही.” तिकडे त्याची बायको काम करते त्या गिरणीत ‘देशद्रोह्यांना फाशी द्या’ असा कागद सह्यांसाठी फिरतो आणि ती तो टराटरा फाडते.

आजीची मुलगी हेदविका डोळे पुसू लागली. बाप फासावर गेला तेव्हा ती तान्ही होती. “असे होते माझे बाबा! साठ वर्षांनी का होईना, कुणीतरी खरं लिहिलं.”

आजीनं कोलाच्यांची बशी बाजूला सारली. गप्प बसली असती तरी चाललं असतं. इतकी वर्षं चाललंच होतं की!

“लेका, माझा अलोइस जन्माचा तोतरा. मीठ मागायचं तरी तीनदा अडखळायचा. त्या दिवशी कोर्टातला त्याचा जबाब आम्हाला गिरणीच्या कर्ण्यावरून ऐकवला, तेव्हा मात्र घडाघडा बोलला. मी हेर, मी गुन्हेगार, मला दया नको. शेजारची म्हणते कशी, बघ, खरं बोलणाऱ्याची जीभ कशी चालते! मला तेव्हाच कळलं, किती महिने घोकून घेतलं असेल त्या पोलीस मेल्यांनी.”

“आणि तो कागद?” पात्रिकनं हळूच विचारलं.

“सगळ्या खात्यांतून फिरला. माझ्यापाशी आला. मी सही केली.”

“आई!”

“सहा महिन्यांची होतीस गं तू. केली नसती तर तुला उचलून नेलं असतं, असं मी रोज स्वतःला सांगते. खरं असेल, नसेलही. धाक कुणी घातला नव्हता. कागद आला, मी केली.”

हेदविका उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

पात्रिकनं खिशातून पेन काढलं. “पुढच्या खर्ड्यात दोन्ही बदलतो, आजी.”

“दोन्ही नको.” आजीनं पानावर हात ठेवला. “त्याला राहू दे तसाच. ‘देशद्रोही नाही’ हे एक वाक्य त्याच्या ओठांवर आलं असणारच. माझं तेवढं बदल.”