घट्टे

मजूर नाक्यावर ठेकेदार खोपडे आधी आमचे तळहात दाबून बघायचा, बैल विकत घेताना बघतात तसे. घट्टे लागले की टेम्पोत घ्यायचा. नाहीतर म्हणायचा, "मऊ आहे. घरी जा."

आज नाक्यावर आम्ही सहा बायाच होतो. हजेरी जादा मिळते म्हणून गडी सगळे मेट्रोच्या कामाला गेले होते, आणि खोपडेला दहा वाजता स्लॅब टाकायचा होता. मागे दुसऱ्या ठेकेदाराचा टेम्पो मजुरांसाठी हॉर्न वाजवत होता.

"चला, आज गड्याची हजेरी देतो," खोपडे उपकार केल्यासारखा म्हणाला. पंधरा वर्षं पाटी गड्यांइतकीच उचलली, पण बाई म्हणून यानं हजेरी निम्मीच दिली.

"हात दाखवा," मी म्हणाले.

अडला होता, म्हणून हसत सोन्याच्या अंगठ्या घातलेला हात पुढे केला. मी तळवा दाबला.

"मऊ आहे," म्हणाले. "घरी जा."

आणि आम्ही सहाही जणी मागच्या टेम्पोत चढलो.