पुलावरचं टोपडं
जर्मनीतली आमची माइन नदी चढत होती. आणखी वीतभर पाणी वाढलं, की पुलाखालून जहाजं बंद, आणि माझ्या किलियानला लेकीचं तोंड थेट नाताळात दिसणार. तो कप्तान, त्याचं पर्यटकांना किल्ले दाखवणारं जहाज आमच्या गावात थांबत नाही. बाळंतीण सून पुलावर येरझाऱ्या घालत होती. “आई, येईल ना हो?” “येईल गं. टोपड्याची गाठ पक्की मार.” जहाज आलं. पूल ठेंगणा, म्हणून कप्तानाची खाली-वर होणारी केबिन डेकमध्ये खाली बसली, छताच्या झरोक्यातून किलियानचं मुंडकं तेवढं वर आलं. मी बाळाची टोपली दोरीनं सोडली. “आई, वेड लागलंय का?” म्हणत सुनेनं डोळे मिटले. किलियाननं जहाज न थांबवता पापा घेतला! टोपली वर ओढली तर बाळ बोडकं. सून आजही म्हणते, टोपडं वाऱ्यानं उडालं. मग नाताळात मला सापडलं ते? वाऱ्यानं गाठ सोडून, घडी घालून, किलियानच्या खिशात ठेवलं?