भोंग्याचा पत्ता

"जाऊबाई, भोंगा वाजला कसा नाही?" दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या धाकट्या जावेने एवढंच विचारलं. आत तिचा नवरा, रंगाच्या कारखान्यातला मिस्त्री, तोंडाला ऑक्सिजन लावून पडला होता. विषारी वायू छातीत गेला होता. त्याच कारखान्यातले कॉम्प्युटर थोरली सांभाळायची. "शोधून काढते," म्हणाली आणि तशीच तडक कारखान्यात गेली.

नोंदी उघडल्या. दहा चाळीसला वायू वाढला. सेन्सरने ओळखला. इशारा पाठवला. पुढे ‘ठीक’. म्हणजे सगळं व्यवस्थित! मग माशी शिंकली कुठे?

कारखान्याचे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचे; तिच्यात यंत्रंसुद्धा फायलींसारखी मांडलेली असतात. इथे भोंग्याची एक फाइल होती. तिच्यात लिहिलं की भोंगा बोंबलायचा. पण अशीच एक नल नावाची फाइलही असते. तिच्यात काय वाटेल ते लिहा, ती गिळते, ढेकरही देत नाही, वर ‘ठीक’ म्हणते. थोरलीने इशाऱ्याचा पत्ता पाहिला. भोंग्याच्या जागी नल! गेले एकवीस दिवस सगळे इशारे तिच्या पोटात जात होते. थोरली रोज नोंदी पाहत होती आणि ‘ठीक’ दिसलं की पुढच्या कामाला लागत होती. भोंग्याची कटकट गेली म्हणून सगळे खूश होते, तीसुद्धा.

"कुठल्या मेल्याने केलं हे!" ती ओरडलीच. मग बदल करणाऱ्याचं नाव पाहिलं. नाव तिचंच होतं.

तारीख गुरुवारची. त्या दिवशी ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. दुपारी सरांचा फोन आला होता. "पासवर्ड दे गं पोरी, छोटंसं काम अडलंय." सर म्हणजे तिचे विभागप्रमुख, या कामाची बाराखडी तिला त्यांनीच शिकवलेली. तिने डोळे झाकून दिला. ऊठसूट भोंगा वाजतो, काम थांबतं, म्हणून मालक सरांच्या मागे लागले होते हे तिला ठाऊक होतं. पण सर असं काही करतील हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिला रडू आलं. तरी आशा सुटेना. सर घाबरून गप्प बसले असतील. समोर विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. तिने नोंदीचा कागद छापला आणि त्यांची केबिन गाठली.

आत मालक बसले होते. त्यांच्या हातात तोच कागद आधीच होता.

"सर, त्या गुरुवारी मी रजेवर होते," थोरली म्हणाली. "यांना सांगा ना, माझा पासवर्ड कोणाकडे होता ते."

सरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि मालकांकडे वळून ते जड आवाजात म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. पण दहादा बजावलं होतं मी हिला, पासवर्ड कुणाला देत जाऊ नकोस म्हणून."